गरम झालेली कॉइल

बाबा, परवा मुलुंडला तुमचा ट्रॅक्टर पाहिला. आमच्या ऑफिसातल्या एकाला जुन्या गाड्यांचा नाद आहे, त्याने तो आरेच्या भंगारातून उचलून आणलाय. मी आरे कॉलनीत वाढले हे त्याला माहीत होतं, म्हणून कौतुकाने बोलावलं. मडगार्डवरचं पत्र्याचं ठिगळ बघितलं आणि ओळखला. तुम्हीच मारलेलं, वेडंवाकडं. "चालूच होत नाही हो मॅडम, दोन मेकॅनिक येऊन गेले," तो म्हणाला. मी पर्स त्याच्या हातात दिली.

तुम्ही मला त्याच्यावर नेलंत तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. नवरा जाऊन दीड महिना झालेला आणि मी तुमच्या आरेतल्या क्वार्टरमध्ये भिंतीकडे तोंड करून पडलेली. आई तर आधीच गेलेली. तुम्ही सकाळी पेज करून झाकून ठेवायचात, संध्याकाळी ती तशीच सापडायची, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचात. सासूबाईंचा निरोप आला होता, मानखुर्दला परत ये म्हणून. तिथे उठता-बसता माझा पायगुण निघायचा. तरी मी हो कळवलं होतं. तुमच्यावर किती दिवस भार टाकणार? त्या दिवशी तुम्ही दारात येऊन म्हणालात, "हँडल मारूक कोण नाय. चल गो."

तबेल्यांना गवत पोचवणारा तो पेट्रोलचा ट्रॅक्टर तेव्हाच म्हातारा झालेला. मी हँडल मारते, तुम्ही प्लगची वायर इंजिनाजवळ धरून बघता. ठिणगीच नाही. तुम्ही डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढता. आतले करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट काळे पडलेले. ते पॉलिशपेपरने घासता, दोन्हींमधली फट पातळ पातीने मोजून बसवता. पुन्हा हँडल. ट्रॅक्टर धडधडायला लागतो, आपण निघतो, आणि चढावर मध्येच तो गप्प. तुम्ही परत पॉइंट बघता. स्वच्छ आहेत. मग कॉइलवर हात ठेवता आणि चटकन मागे घेता. "ही बघ. थंड असली की करंट देता, तापली की मरता. पॉइंटाचो काय दोष नाय."

खांद्यावरचा पंचा भिजवून तुम्ही कॉइलवर ठेवलात आणि आपण रस्त्याकडेला बसलो. तिथे मला रडू फुटलं. दीड महिन्यात पहिल्यांदा. समोरून बस गेली, खिडक्यांतून लोक वाकून बघत होते. मला तोंडसुद्धा झाकता येईना. तुम्ही उठलात, पंचा पुन्हा भिजवलात, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणालात, "मानखुर्दाक जाव नको. हय रव. मी आसंय."

मी राहिले. तुम्ही मात्र पुढचा शिमगा बघितला नाहीत. वर्कशॉपमध्येच छातीत कळ आली, मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या 'मी आसंय'चा मला कितीतरी वर्षं राग यायचा. क्वार्टर सोडावं लागलं, बोरिवलीला भाड्याची खोली घेतली, नोकरी धरली. पण मानखुर्दला गेले नाही. बाबा, कितीही वाट लागली तरी गेले नाही.

परवा तुमच्यासारखंच वायर धरून बघितलं, पॉइंट घासले, फट बसवली. चालू झाला. थोड्या वेळाने बंद पडला, तशी त्या बिचाऱ्याचा चेहराच उतरला. मी रुमाल भिजवून कॉइलवर ठेवला, जरा थांबायला लावलं. पुन्हा हँडल मारल्यावर इंजिन लागलं. "कॉइल बदला, बाकी ठीक आहे," मी म्हटलं. "झकास! मॅडम, हे कुठे शिकलात?" तो विचारत होता. "वडील चालवायचे," एवढंच बोलले आणि हात धुवायला नळावर गेले. बराच वेळ धुतले.

तो आता सगळ्यांना सांगत सुटलाय की मॅडमना जुने ट्रॅक्टर कळतात. मी कुणाला काही बोलले नाही, आणि हे पत्रही कुठे टाकायचं नाहीच, म्हणून खरं ते इथे लिहिते. मला ट्रॅक्टरमधलं काही येत नाही, बाबा. मला तो एक दिवस पाठ येतो, बस.