मापांच्या वहीतली नाडी

दादा,

माझ्या औषधांच्या चिठ्ठीवर नैराश्याची गोळी वाचून तू म्हणालास, "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय." हाताच्या नसा इतक्या जळायच्या की सुई धरवत नव्हती. त्यासाठीच डॉक्टरांनी ती गोळी थोड्या मात्रेत दिली होती. पुढे छाती धडधडू लागली. मी गोळी आपल्या मनाने सोडली नाही; गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीतच रोज नाडीचे ठोके लिहिले. वही चाळून डॉक्टर म्हणाले, "ही कंबर की नाडी?" मग ईसीजी काढून त्यांनी मात्रा कमी केली. आता ठोके ताळ्यावर आहेत.

काल तुझ्या लेकीच्या कोटाची सहाही काजं मी हाताने केली. कोट पाठवतेय, हे पत्र पाठवणार नाही. टाके मात्र निरखून बघ.

तुझी,
ठार शहाणी धाकटी