वंशावळीतली वर्तुळं

९ जून
बायॉप्सीचा रिपोर्ट. उजवा स्तन, गाठ तीन सें.मी., ट्रिपल निगेटिव्ह. डॉ. बाईंनी कागदावर पेशी काढून समजावलं. इतर प्रकारांत पेशीला तीनपैकी एखादी तरी कडी असते, औषध तिला धरतं. माझ्या गाठीला एकही नाही. म्हणजे हॉर्मोनच्या गोळ्या बाद. वाढते भराभर, पण केमोने बऱ्याचदा चांगली वठणीवर येते म्हणे. आधी केमो, मग ऑपरेशन.

सव्वीस वर्षं कारखान्यात विमानाच्या सुट्या भागांतल्या चिरा शोधल्या, याच अल्ट्रासाउंडने, असाच गार जेल लावून. घरची गाठ मात्र आंघोळ करताना बोटाला लागली. भीती नंतर वाटली. आधी रागच आला.

११ जून
समुपदेशक मुलीने विचारलं, घरात कुणाला होता? कुणालाच नाही, ठासून सांगितलं. आजी, मावश्या, सगळ्या ठणठणीत. तरी जनुकांच्या तपासणीला रक्त घेतलं. या प्रकारात घेतात म्हणाली.

संध्याकाळी येलहंक्याहून अण्णा आला. मोठा भाऊ, रडायचं नाही असं ठरवून आलेला. माईने पाणी दिलं आणि पेला हातात घेऊनच रडला. शेवटी आम्ही दोघी मायलेकींनी त्याची समजूत काढली.

२४ जून
के. १, म्हणजे पहिली केमो. बोटं बधिर होऊ नयेत म्हणून हातापायांत बर्फाचे मोजे. जूनमध्ये बसवनगुडीत बसून हिमालय. तोंडाला पितळी चव, माईचं सारसुद्धा पितळेचं लागलं. तिला सांगितलं नाही. दोन वाट्या प्यायले.

९ जुलै
जनुकात दोष निघाला. बीआरसीए. स्तनाचा आणि अंडाशयाचा, दोन्ही कॅन्सर यातून येऊ शकतात. ऑपरेशन केवढं, पुढे गोळ्या कुठल्या, हे आता त्यावरून ठरेल.

समुपदेशक मुलगी म्हणाली, वडिलांकडूनही येतो. इंजिनिअर म्हणवते, आणि बाईचं दुखणं बाईकडूनच येणार असं धरून चालले होते. वडिलांकडचं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ती कागदावर घराणं काढायला लागली, पुरुष चौकोन, बायका वर्तुळ. मला वडिलांकडच्या बायकांची नावंही धड येईनात.

आणि आमची वंशावळ अण्णाने फ्रेम करून लावलीय! फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलेल्या मूळपुरुषापासून अकरा पिढ्या. घरोघरी झेरॉक्सही वाटल्या. त्यात बाई एकही नाही. मीही नाही.

अण्णात दोष असण्याची शक्यता निम्मी. असला, तर त्याच्या लेकीत, श्रुतीतही निम्मी. पोरगी सव्वीसची.

१२ जुलै
अण्णाला सांगितलं. श्रुतीची बोलणी चाललीत, हुबळीचं स्थळ. "स्वल्प थांब गे," म्हणाला. "लग्न होऊ दे. मग तिला आपण दोघं सांगू."

मी "सरी, बरं" म्हटलं. थकले होते, असं लिहिणार होते. खरं नाही. त्याचा चेहरा बघवेना.

१५ जुलै
के. २. गाठ हाताला मऊ लागतेय, डॉ. बाई म्हणाल्या. मी अजून आनंद मानत नाही.

२० जुलै
दुपारी माईला सहज विचारलं, सोनाआत्या कशाने गेली? वडिलांची थोरली बहीण, मला तिची फक्त हिरवी इरकल आठवते.

पोटात पाणी झालं होतं, माई म्हणाली. गाठ होती आत, बायकांच्या जागी. चव्वेचाळीसची होती. मग मला का माहीत नाही? माई शेंगा निवडत राहिली. "तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं ना तेव्हा. म्हणून कुणी बोललं नाही. मग ते तसंच राहिलं."

तसंच राहिलं. चाळीस वर्षं! जेवण गेलं नाही.

२७ जुलै
श्रुती कोरमंगलाहून ट्रिमर घेऊन आली. केस उशीवर राहायला लागलेत, म्हणाली, आत्या, काढूनच टाकू. गच्चीत बसवून तिनेच काढले. हात हलका आहे पोरीचा. मानेवरचे केस फुंकून झाडले, तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

वंशावळीची झेरॉक्स पाठीमागून कोरी होती. तिच्यावर काढलं. सोनाआत्या, काळं वर्तुळ. वडील, चौकोन. मी, काळं. अण्णा, चौकोन. त्याच्याखाली एक रिकामं वर्तुळ.

"हे कोण?"

"तू."

सगळं सांगितलं. आधी कळलं तर काय काय करता येतं तेही. अण्णाने थांबायला सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, हेही. तिने कागद घडी करून बॅगेत टाकला, ट्रिमर पुसून ठेवला, चहा न पिता गेली.

३१ जुलै
श्रुतीचा फोन नाही. अण्णाचा काल आला, के. ३ कधी आहे एवढंच विचारलं. म्हणजे तिने त्याला सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही. शब्द मोडला त्याचं वाईट वाटतं. सांगितल्याचं वाटत नाही.

५ ऑगस्ट
के. ३. सलाईन लावलं, हातात बर्फाचे मोजे, आणि तेव्हाच फोन वाजला. नर्सने कानाला धरला. श्रुती. नऊ दिवसांनी. कशी आहेस वगैरे काही नाही.

"आत्या, ते जनुकाचं रक्त द्यायला उपाशीपोटी जायचं असतं का?"

"नाही. खाऊन जा."

"बरं," म्हणाली आणि ठेवला. अण्णाला सांगितलंस का, ते विचारायचं राहिलं.