जेवलास का, विचारायचं नाही

लाडक्या दुनदुन,

हे पत्र तुझ्याआधी तुझी आई वाचेल, म्हणून पाठवणार नाही.

तुला माझ्याकडून शांघायला नेताना ती म्हणाली, "आई, तुमच्या लाडानेच पोरगं फुगलंय, डॉक्टर ओरडतात. फोनवरसुद्धा खाण्याचा विषय नको." बरं बाई! दुष्काळात मी झाडाची साल उकळून खाल्ली होती. तुझ्या वाडग्यात चरबीदार मांसाचा तुकडा ठेवला, की माझा जीव निवायचा. आता "जेवलास का?" विचारायचं नाही, तर माया करायची कशी? दोरीवरच्या उड्या मारल्यास का, एवढंच विचारते.

काल फोन ठेवताना तूच कुजबुजलास, "आजी, तू जेवलीस का?"

"हो," म्हणाले. समोर तुझाही वाडगा मांडला होता. तुकडा त्यातच गार झाला.

तुझीच,
आजी