प्रत क्रमांक सात

१२ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. नवं सत्र सुरू झालं, ग्रंथालयात श्वास घ्यायला फुरसत नाही. माझी तब्येत ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, विचारण्याआधीच सांगते.

यंदा माझी चांगली फजिती झाली. आमच्याकडे दर दहा विद्यार्थ्यांमागे पाठ्यपुस्तकाची एक प्रत घेतात आणि मागणीची रांग लांबली की प्रती वाढवतात. संख्याशास्त्राच्या पुस्तकासाठी रांगेत चौदा नावं होती. जानेवारीपासून मी फक्त खरेदी बघते, देवघेवीची खिडकी सहकारी बाई सांभाळतात. मी यादी पाहिली आणि आणखी दहा प्रती मागवल्या. त्या आल्या, शिक्के बसले, कपाटात लागल्या. रांगेत नावं चौदाच!

प्राचार्य म्हणाले, तहान तहान म्हणून विहीर खणून घेतलीत, आता पाणी प्यायला कोणी नाही? मी रांगेतल्या पहिल्या मुलीलाच गाठलं.

"मॅडम, पुस्तक नकोय. सात नंबरची प्रत हवीय," ती म्हणाली. "त्यात सर बोलतात."

ताई, तुमचा भाऊ ती प्रत वर्षानुवर्षं वर्गात नेत असे आणि समासात पेन्सिलीने लिहीत असे. मुलीला ते तोंडपाठ. 'हे सूत्र पाठ करू नका, त्याच्याशी ओळख करून घ्या.' 'इथे लेखकाला घाई होती, आपल्याला नाही.' आणि एका पानावर म्हणे, 'पुस्तकावर लिहू नये अशी घरून सक्त ताकीद आहे.' मुलं माझ्याकडे बघून का हसतात, ते आत्ता कळलं. खिडकीवरच्या बाईंना सगळं ठाऊक होतं. "तुम्हाला कसं सांगायचं?" मला म्हणाल्या.

'पुस्तकावर लिहू नये' ही पाटी मीच लावली आहे. डिसेंबरात तुमच्या भावाच्या हातात खोडरबर ठेवून म्हटलं होतं, सगळं पुसून प्रत परत करा. "रविवारी बसतो," म्हणाले. तो रविवार आला तेव्हा ते नव्हते. प्रत न पुसताच परत आली. खोडरबर माझ्या खणात आहे, कोरं.

भावाच्या हातचं काही असेल तर पाठव, असं तुम्ही लिहिलं होतंत. त्या ओळीमुळेच उत्तर लांबलं. घरात नुसत्या सह्या सापडल्या. बाकी सगळं त्या प्रतीत आहे, आणि ती हातात घ्यावी लागू नये म्हणूनच मी खिडकी सोडली. अजून ती उघडलेली नाही.

प्रत ग्रंथालयाची, पाठवता येणार नाही. झेरॉक्समध्ये पेन्सिल नीट उमटत नाही. काल दोन मुली नव्या प्रतीत ते सगळं उतरवून घेत होत्या, बरोब्बर पाटीखाली बसून. मी पेन्सिलीला टोक करायचं यंत्र तेवढं त्यांच्यापुढे ठेवलं.

प्राचार्य म्हणाले, तुम्ही आधी घ्या, कोणी काही म्हणणार नाही. मी नको म्हटलं. तुमच्या भावाला मी कधी रांग मोडू दिली नाही, आता स्वतः कशी मोडू? माझं नाव पंधरावं आहे. प्रत्येकाला आठवडाभर प्रत मिळते, म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझी पाळी येईल. सोळावं नाव तुमचं घातलं आहे. पण एक आठवडा आधीच या. एकटीने उघडायचं धाडस मला होणार नाही. चष्मा आणा, अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहेच.

रांगेत तुमच्या पुढे उभी असलेली,
तुमची वहिनी