भिंतीला कुठलं लाकूड लावू?

अप्पा, रविवारी दुपारी तुमच्या नातीनं मला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. ती एक खेळ खेळते. त्यात मोकळं माळरान असतं, कितीही झाडं तोडायची आणि ठोकळे रचून हवं ते बांधायचं. तिला घर बांधायचं होतं. पडद्यावर लाकडाच्या सहा-सात जाती ओळीनं मांडलेल्या: ओक, बर्च, एक काळपट, एक लालसर, बाकीच्यांची नावं माझ्या तोंडात बसली नाहीत. "मम्मी, तू वखारीत होतीस ना? मग सांग, भिंतीला कुठलं लाकूड लावू?" मी विचारलं, यातलं जड कुठलं? वाळवी कशाला लागत नाही? ती हसत सुटली. "अगं, सगळी सेमच असतात. फक्त कलर वेगळा." मग मी रंग बघून सांगत गेले. खांबांना काळपट, भिंतींना फिकं, जिन्याला लालसर. घर देखणं व्हायला लागलं, लेक खूश झाली, आणि मला मात्र तिथून उठावंसं वाटायला लागलं.

तिथं बसल्या बसल्या डोळ्यांपुढं आलं: मी सातवीत आहे. उमरग्यात हायवेला लागून आपली वखार, बाहेर ट्रकांची घरघर, आत लाकूड कापायच्या आऱ्याचा आवाज. तुम्ही माझ्या हातात एक-एक फळी देता. "रंगावर जाऊ नगं, पोरी. रंग कुनीबी लावतंय. आदी उचलून बघ, मग ठोकून आईक." बाभूळ औताला, कडुलिंब चौकटीला, आंबा नुसता तात्पुरत्या कामाला, हे मी पाढ्यांसारखं शिकले. पुढं गिऱ्हाइकं मलाच विचारायला लागली. एकदा कुणीतरी घराच्या दाराला आंब्याच्या फळ्या मागत होता, मी त्याला दोन पावसाळ्यांतच दार कसं कुजेल ते समजावलं, तर तो तुमच्याकडं बघून म्हणाला, "लई हुशार हाय की वो तुमची लेक." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "माज्या मागं हीच बघनार हाय वखार." हे तुम्ही एकदाच नाही म्हणालात. चार माणसांत, मोठ्यानं, कितीदा तरी म्हणालात.

बारावीनंतर सोलापूरला पॉलिटेक्निकला माझा नंबर लागला. बॅग भरून झाली होती, मैत्रिणीबरोबर खोली ठरली होती. त्याच सुमाराला ओंडका घसरून तुमचा उजवा हात दुखावला. स्वयंपाकघरात आई तुम्हाला भरवत होती आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कशाला जातीस? वखार तुजीच हाय की. तुज्याबिगर माजं कसं व्हायचं?" मी बॅग रिकामी केली. मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. पुढची चार वर्षं माझ्या केसांतून भुसा निघत होता आणि मी मजेत होते, अप्पा, कारण मी माझ्या वखारीत होते.

मग तो पाडवा. मी पूजेची फुलं घेऊन आले तर पेंटर शिडीवर चढून नवा बोर्ड रंगवतोय. तुमचं नाव, आणि त्याखाली 'आणि पुतणे'. मला वाटलं, त्याचं चुकलं. मी खालून ओरडले, "ओ दादा, थांबा! चुकलंय ते." तो म्हणाला, "न्हाय ताई, अप्पांनीच सांगितलंय." आत माझा चुलतभाऊ पांढराफेक शर्ट घालून नारळ फोडत होता. त्याला लिंब आणि बाभूळ शेजारी ठेवलं तरी ओळखू येत नव्हतं.

"अप्पा, हे काय?"

"तुजं लगीन झालं की तू कुठं आन् वखार कुठं."

"मग मला सोलापूरला का जाऊ दिलं न्हाय?"

तुम्ही बशीत चहा ओतत होतात. "तवा गरज होती," म्हणालात. रागानं नाही, शरमेनं नाही, पाऊस पडत होता म्हणावं तसं. वर सांगितलंत, सगळ्यांना पेढे दे. आणि मी दिले.

चुलतभावानं पुढं आरा विकून टाकला, आता तिथं फरशीचं दुकान आहे. मला त्या जागेचं काही नाही. तुम्ही आधीच म्हणाला असतात, की पोरीला देत नसतो आम्ही, तर मी रडले असते आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरची एसटी धरली असती. पण तुम्ही मला आशेवर राबवलंत. धाराशिवला सासरी आले, संसार झाला, आणि अजून माहेरचं कुणी भेटलं की म्हणतं, "अप्पांचा लई जीव होता तुज्यावर." मी मान हलवते. डोक्यावरचा तो हात मायेचा होता का मला थोपवून धरायचा, हे मला आजही उकलत नाही. तुम्ही माझ्याकडून हिरावून घेतलेलं हे सगळ्यात मोठं, अप्पा. माझ्या आठवणीसुद्धा मला विश्वासानं काढता येत नाहीत.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि पाठवणार तरी कुठं? पण रविवारचं एक सांगायचं राहिलं. लेकीनं घरात सगळ्यांच्या खोल्या केल्या, आजीचीसुद्धा. मग म्हणाली, "तुझ्या अप्पांची एक करू?" मी म्हणाले, "नको, लाकूड संपलं असेल." ती म्हणाली, "मम्मी, यात लाकूड कधीच संपत नसतं."

मला ते ठाऊक होतं, अप्पा.