नऊ किलो ओढीचं धनुष्य

॥ श्री ॥

टिळकवाडी, बेळगाव
भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थस्वरूप ज्योतिबाअण्णास,

धाकट्या भावाचा, म्हणजे मार्तंडचा, साष्टांग नमस्कार. (आठही अंगं कागदावरच टेकलीत असं समज. गुडघे हल्ली नमस्काराला तयार नसतात.) तुझी तब्येत विचारणार होतो, पण तू ‘बरं हाय’ एवढंच सांगणार, म्हणून परवा जयावहिनीलाच फोनवर विचारलं. ती म्हणाली, शर्टाच्या बाहीत उजवा हात घालताना तोंडानं काही बोलत नाहीत, पण भिंतीकडं तोंड फिरवतात. म्हणजे खांदा तसाच आहे. तेल लावतोस का? डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम करतोस का? (नाही. मला माहीत आहे. विचारायची रीत म्हणून विचारलं.) भात कसं आहे? गवे उतरले होते का यंदा? इकडं आम्ही दोघं खुशाल. विद्युल्लताचा रक्तदाब जरा वर आहे, त्याचं कारण पुढं येईलच.

तर अण्णा, धनुष्याचा विषय. गेल्या दसऱ्याला शिवेवर जे झालं ते तू विसरायचा प्रयत्न करतोयस, मी करत नाही. सगळा गाव आपट्याची पानं घेऊन ओढ्याकाठी उभा, आणि आपल्या घरचा पहिला बाण ओढ्यापलीकडं पडल्याशिवाय सोनं लुटायचं नाही ही चालत आलेली रीत. तू आपल्या आप्पांचं धनुष्य ओढलंस, कानापर्यंत आणायच्या आधीच कडकन आवाज झाला. तुझा खांदा आधी गेला की धनुष्य, हे अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. बाण तुझ्या पायापाशीच पडला आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हसले असते तर परवडलं असतं रे, त्या टाळ्या कीव करणाऱ्या होत्या. घरी आल्यावर तू भावकीला बसवून सांगितलंस की पुढच्या वर्षापासून आमच्या घरचा बाण बंद, खालच्या गल्लीतल्यांना मान द्या. तिसऱ्या दिवशी मी फोनवर तावातावानं म्हणालो, मान कुठं जात नाही, धनुष्य मी करतो आणि बाणही मीच मारतो. तू म्हणालास, “मार की.” आणि फोन ठेवलास. भावकीनं या दसऱ्यापर्यंत वाट बघायचं कबूल केलंय. आता आलाच दसरा. म्हणजे यंदा ओढ्यापलीकडं बाण गेला नाही, तर आपल्या आजोबा-पणजोबांपासूनचा मान कायमचा गेला, हे तुलाही कळतं आणि मलाही.

पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेल्या माणसाला धनुष्य काय अवघड, असं मला वाटलं होतं. तुला आठवत असेल, दिवाळीत आलो तेव्हा बांधावरच्या धामणीच्या झाडाची एक फांदी मी मागून घेतली. ती घेऊन एसटीत चढलो तर कंडक्टर म्हणे, हे लगेज आहे का पडद्याची काठी? शेजारच्या बाईंनी तर घर कुठं बांधलंय म्हणून चौकशी केली. इथवर ठीक. आता लाकूड वर्षभर सावलीत वाळवायचं असतं, हे मला ठाऊक होतं. पण वर्षभर थांबायचं कसं? आप्पा लाकूड चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचे, धुरानं ते पक्कं व्हायचं, हेही आठवलं. आमच्याकडं चूल नाही, पण न्हाणीत बंब आहे. (सोलर बसवलंय, तरी विद्युल्लतानं बंब काढू दिला नाही. माहेरचा आहे.) म्हणून मी फांदी बंबाच्या वर आडवी टांगली आणि रोज सकाळी बंब पेटवायला लागलो. धूर लागतोय म्हणून मी खूश. पण बंबाच्या झाकणातून वाफही येते, हे चाळीस वर्षं त्याच पाण्यानं अंघोळ करून माझ्या लक्षात आलं नव्हतं. महिन्याभरानं फांदी उतरवली तर ती वाळायची सोडून शिजली होती, आणि जिलबीसारखी वळली होती. विद्युल्लता म्हणाली, आता हिला पाकात घाला.

दुसरं लाकूड मी वखारीतून आणलं. कुठल्या झाडाचं ते वखारवाल्यालाही माहीत नव्हतं, तो म्हणाला, “मजबूत हाय सर, दाराला चालतंय.” मी आलेखाच्या कागदावर वक्र काढला, तो हॉलच्या भिंतीवर खडूनं मोठा करून आखला (इथून रक्तदाबाची सुरुवात), भिंतीत खुंटी ठोकली, तिच्यावर धनुष्य आडवं ठेवलं, खाली आडावरची जुनी कप्पी बसवली आणि दोरीनं ओढून वाक तपासायला लागलो. डावी बाजू कमी वाकली म्हणून डावी तासली. मग उजवी कमी वाटली, उजवी तासली. परत डावी. असं करता करता धनुष्य वेळूच्या काठीएवढं बारीक झालं आणि एका रविवारी दुपारी असा बार झाला की शेजारचे नागेंद्र वकील सिलिंडर फुटला म्हणून लुंगीवर धावत आले. भिंतीवरचा वक्र, हातातले दोन तुकडे आणि माझं तोंड बघून ते फक्त एवढंच म्हणाले, “साकु री सर, साकु.” पुरे करा म्हणाले, पण इतक्या मायेनं म्हणाले की मला भरूनच आलं.

त्या दुपारी तुकडे हातात घेऊन बसलो तेव्हा मला तू आठवलास. आत्ताचा नाहीस, अठराचा. आप्पांनी त्या वर्षी पहिल्यांदा धनुष्य तुझ्या हातात दिलं. तू मिसरूड फुटलेला, नवीन सदरा, कॉलरला इस्त्रीची घडी. मी नऊ वर्षांचा, माझं काम म्हणजे ओढा ओलांडून पलीकडच्या नाचण्याच्या शेतातून बाण शोधून आणायचा. ओढ्याचं पाणी मांडीपर्यंत यायचं, चड्डी भिजायची, आणि मी बाण डोक्यावर धरून परत यायचो तेव्हा मला वाटायचं की सगळा गाव माझ्याकडंच बघतोय. (आज कबूल करतो. दोन वर्षं मी तुझा बाण सापडल्या जागेवरून उचलून दहा पावलं पुढं रोवला होता आणि मग ‘इथं हाय, इथं हाय’ म्हणून ओरडलो होतो. तिसऱ्या वर्षी गरज पडली नाही.) मला धनुष्य कधीच नको होतं अण्णा. मला धनुष्य ओढणारा तू हवा होतास. पुढं मी शिकायला बेळगावला आलो, नोकरी, घर, पोरं, पण दर दसऱ्याला लोंढ्याच्या गाडीत बसलो की नाकात त्याच नाचण्याचा वास यायचा. मोठेपणी अशी गोष्ट कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

असो. तर शेवटी मी खानापूरच्या भावकू मेस्त्रींकडं गेलो. तू त्यांना ओळखतोस, बैलगाड्या करायचे, आता देव्हारे करतात. त्यांनी माझी आलेखाची वही उलटीसुलटी बघितली आणि म्हणाले, “सर, लाकडाला गणित येत न्हाय. तुमालाच लाकूड शिकाय लागंल.” मग माळ्यावरून सहा वर्षं वाळलेला धामणीचा फाटा काढून दिला, आणि चार शनिवार मला समोर बसवून शिकवलं. बाहेरची बाजू, म्हणजे धनुष्याची पाठ, तिच्यावरचा लाकडाच्या रेषांचा एक थर अख्खा ठेवायचा, त्याला पटाशी लावायची नाही. तासायचं ते फक्त पोट. आधी रंधा, मग कानस, आणि शेवटी फुटक्या काचेच्या धारेनं खरवडायचं, पापुद्रा पापुद्रा. दर दहा खरवडीनंतर तीस वेळा ओढून सोडायचं, म्हणजे लाकडाला कळतं की आता असं वाकायचं आहे. आणि बाण न लावता दोरी ताणून एकदम सोडायची नाही, हातानंच परत आणायची, नाहीतर धनुष्य तिथल्या तिथं जातं. पहिल्या शनिवारी मी नुसतं तासलं. दुसऱ्या शनिवारी मी विचारलं, कुठं थांबायचं ते कसं कळतं? मेस्त्री म्हणाले, “कोण वडणार, त्याच्यावर हाय की.”

दोरी मात्र मीच वळली, आप्पांच्या पद्धतीनं, घायपाताचा वाख, म्हणजे पानांतले धागे, मांडीवर घासून. आप्पा किती सहज करायचे! तुला म्हणून सांगतो, त्यांच्या मांडीवर केस का नव्हते हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. पहिल्या वीतभर दोरीत वाख कमी आणि मीच जास्त होतो. माझ्या ओरडण्यावर विद्युल्लता आतून विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, परंपरा.

आता खरी दुःखाची बातमी. धनुष्य झालं. दिसायला देखणं आहे, दोन्ही बाजू सारख्या वाकतात, भिंतीवरच्या रेघेलाही जुळतात (भिंत मात्र आता रंगवावी लागणार). पण ते हलकं झालंय. आप्पांच्या धनुष्याला वीसेक किलोचा जोर लागायचा असा माझा अंदाज. हेही गणेश चतुर्थीच्या आधी हुकाच्या वजनकाट्याला लावून ओढलं तेव्हा अठरा भरत होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण काचेचा एक नाद असतो अण्णा, खरवडलेला भुसा पोह्यासारखा खाली पडत राहतो, हात चालतच राहतो, रेडिओवर जुनी गाणी लागलेली असतात, आणि भान सुटतं. अनंत चतुर्दशीला परत काट्याला लावलं तर नऊ. निम्म्यावर आलं! नऊ किलोचं धनुष्य घेऊन मी गावापुढं उभा राहायचं म्हणजे माझ्या वयाला शोभणार नाही, खालच्या गल्लीतले काय म्हणतील याची कल्पना तूच कर. मेस्त्रींना दाखवलं. त्यांनी ओढून बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चहा मागवला. पितृपंधरवडा आहे म्हणून विद्युल्लता सध्या त्याला हात लावू देत नाही. घट बसले की राहिलेलं काम करतो.

वहिनीला नमस्कार. नाचण्याच्या आंबिलीची आठवण येते म्हणून सांग. खांद्याला तेल लाव.

तुझा,
मार्तंड

ता. क. – भान वगैरे काही सुटलं नव्हतं, रेडिओ तर बंदच पडलाय. चतुर्थीला गावी आलो तेव्हा तांदळाची पिशवी जोखायची म्हणून काट्याचा हूक मी तुझ्या उजव्या हातात दिला आणि दुसरं टोक मी धरलं, काटा अडकतोय जरा ओढून बघ म्हणालो, आठवतं? तू ओढलास. साडेनवापर्यंत तुझ्या तोंडावर काही दिसलं नाही. दहाला तू भिंतीकडं वळलास. परत आल्यावर पुढचे आठ दिवस मी मोजून, तीन काचा बोथट करून, अठराचं नऊ केलंय. नऊ किलोला हलका बाण साठ पावलं जातो. मेस्त्रींच्या मागच्या शेतात त्यांच्या जावयाकडून मारवून, मी स्वतः मोजलंय. आपला ओढा चाळीस आहे.

ता. क. दोन – ‘तूच मार’ असं म्हणणार असशील तर ऐक, मी सतरा बाण मारून बघितले. त्यातला एक नागेंद्र वकिलांच्या तुळशीत सापडला, बाकीचे अजून शोधतोय. मला येत नाही ते आणि यायला नकोही आहे.

ता. क. तीन – धनुष्याची मूठ अजून तासलेली नाही. फोन करू नकोस, तू ‘बघू’ म्हणशील आणि ठेवून देशील. या कागदाची मागची बाजू मी कोरी सोडली आहे. तिच्यावर तुझा डावा पंजा ठेव, वहिनीला पेन्सिलनं कडेनं आखायला सांग आणि हेच पत्र उलट टपाली पाठव. बोटं फाकवू नकोस, धनुष्य धरल्यासारखी ठेव.