भिंतीवरचा चावलेला नान

१२ सप्टेंबर, कारा-बाल्टा

गेली! खरंच गेली. मला वाटलं होतं, ऐन वेळी कच खाईल. कसलं काय! पांढरा कोट खुंटीला अडकवला, तिच्या बापाचं ते कळकट चामडी जाकीट चढवलं आणि म्हणाली, "एसेन, येते मी."

वीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर दातांची डॉक्टर होती बुरुल, माझी बायको. गावातल्या अर्ध्या तोंडांत तिनं भरलेले दात आहेत. आणि आता ट्रक! इथून ओशला पीठ न्यायचं, तिकडून तांदूळ आणायचा. कारण काय, तर — "आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघितलं. आता जरा समोर बघू दे." यावर माणसानं काय बोलावं?

दारात थोडी थांबली. का थांबली ते मला चांगलं कळलं. घरातलं कोणी लांब निघालं की मागे राहणाऱ्यानं नान पुढे करायचा. निघणाऱ्यानं एक चावा घ्यायचा. उरलेला भिंतीवर टांगायचा आणि परत आल्यावर ज्याचा त्यानंच संपवायचा, दुसऱ्या कोणी शिवायचाही नाही. मी सैन्यात निघालो तेव्हा आईनं दिला होता. पण ही काय लढाईवर चाललीय? मी ड्रिल चालू केलं आणि घासत बसलो. खुर्चीवर पेशंट नव्हता.

१५ सप्टेंबर

आली. धुळीनं माखलेली, आणि खूश! जेवताना एकच जप — दूलत अके असं म्हणतात, दूलत अके तसं म्हणतात. हा दूलत म्हणजे जुना ड्रायव्हर. सगळे त्याला अके म्हणतात, मोठा भाऊ. त्याचा ट्रक पुढे, हिचा मागे, आणि दिवसभर दोघांचं रेडिओवर गुलुगुलु.

"ते म्हणतात, उतारावर ब्रेकवर भरवसा ठेवू नकोस, गिअरवर ठेव."

"आणि नवऱ्यावर?" मी विचारलं.

हसली नाही.

१८ सप्टेंबर

कोपऱ्यावरची म्हातारी गाल धरून आली. "डॉक्टरीणबाई नाहीत? मग राहू दे. एवढं काही दुखत नाही." गाल टोमॅटोएवढा सुजलेला!

२९ सप्टेंबर

दूलतनं तिला हातमोजे दिले. लोकरीचे. मी विचारलं, मी दिलेले काय झाले? "ते रबराचे होते, एसेन."

६ ऑक्टोबर

आज पाहिला त्याला. पीठ भरताना गोदामावर गेलो होतो — सहज. उंच, रुंद, पांढऱ्या मिशा. हसला तर काय — साठी उलटलेला माणूस आणि तोंडात सगळेच्या सगळे स्वतःचे दात! एक तरी किडका असता तर मला बरं वाटलं असतं.

"डॉक्टरसाहेब," म्हणाला, "तुमची बायको घाट असा उतरते की पेल्यातला चहा हलत नाही." माझ्या बायकोचं कौतुक मला सांगतो! मला काय माहीत नाही? मीच शिकवलेलं नाही, एवढंच.

ती तिकडं चाकांना लाथा मारून हवा बघत होती आणि गाणं गुणगुणत होती. दवाखान्यात कधी गुणगुणली नाही. निदान मी ऐकलं नाही.

जळतो मी. इथं लिहायला काय लाज! दूलतवर जळतो, त्या ट्रकवर जळतो, तिच्या त्या काळ्या झालेल्या नखांवरसुद्धा जळतो.

१९ ऑक्टोबर

उशिरा आली. म्हणे, घाटापलीकडे सुसामिरला बर्फ भुरभुरत होता, म्हणून दूलत अकेच्या घरी थांबलो. घरी!! तळपायाची आग मस्तकात गेली. वरून शांत. चहा ओतला. तिचा पेला काठोकाठ भरला — नको असलेल्या पाहुण्याला भरतो तसा. आपल्या माणसाला अर्धाच द्यायचा, पुन्हा पुन्हा ओतायचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

तिनं पेल्याकडे बघितलं. सगळा प्यायली.

२ नोव्हेंबर

आज जे केलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून इथं.

ती ओशहून आज रात्री निघणार. म्हटलं, तोपर्यंत बघून तर येऊ हे घर! शेअर टॅक्सीत बसलो, तो-अशूचा घाट चढून पलीकडे सुसामिरला उतरलो. दूलतचं घर सगळ्यांना माहीत. रस्त्याला लागूनच, पुढे चहाखाना. आत एक जाडजूड बाई पीठ मळत होती. दूलतची बायको, कलिपा एजे. एजे म्हणजे मोठी बहीण. बायको आहे तर! जरा हायसं वाटलं. जराच. बायको तर मलाही आहे.

मी कोण ते सांगितलं नाही. सूप मागवलं. आणि भिंतीकडे लक्ष गेलं. खिळ्यांवर नान टांगलेले, ओळीनं, प्रत्येकाचा एक घास गेलेला.

"हे कोणाचे?"

"ड्रायव्हर लोकांचे, भाऊ. ज्यांना घरून कोणी देत नाही त्यांना मी देते. एकटी माणसं. कोणाची बायको मेली, कोणाची पळाली."

आणि शेवटच्या खिळ्यावर — मी उठून जवळ गेलो. चाव्याच्या कडेला पुढच्या दाताची खूण किंचित तिरकी. तो दात मी केलाय! कॉलेजात असताना ती घोड्यावरून पडली, पुढचा दात तुटला, आणि मी तिला नवा करून दिला. सरळ बसवत होतो तर म्हणाली, थोडा वाकडा ठेव, खरा वाटला पाहिजे. त्या दातापायी तर आमचं जमलं!

"हा?" मी विचारलं.

"हा बुरुलचा. दातांची डॉक्टर होती म्हणे. गुणी बाई. विधवा असेल बिचारी."

"तिनं सांगितलं तसं?"

"छे, मी नाही विचारलं. पण घरात माणूस असता तर नान न देता कसं सोडलं असतं?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मी जिवंत, धडधाकट, सूप पितोय, आणि माझी बायको विधवा! कलिपा एजे लाकडं आणायला मागे गेली. मी काय केलं? नान काढला, कोटाच्या आत कोंबला आणि पळालो. माझ्या बायकोचा नान दुसऱ्याच्या भिंतीवर? का म्हणून?

टॅक्सीत खाल्ला. सगळा. दगडासारखा कडक. रागानं चावत होतो.

३ नोव्हेंबर

सकाळपासून बर्फ. तो-अशूवर कडा कोसळलाय, रस्ता बंद. पलीकडे गाड्या अडकल्यात, किती आणि कोणाच्या ते कोणाला माहीत नाही. बुरुलचा फोन लागत नाही. दूलतचाही नाही.

नान मी खाल्ला. तिचा नान. तिनं परत येऊन खायचा, तो मी खाल्ला!

४ नोव्हेंबर

फोन नाही. शिकलेला माणूस आहे मी. नानामुळे कडे कोसळत नाहीत. हे दहा वेळा मोठ्यानं म्हटलं. मग तंदूरवाल्याकडे जाऊन गरम नान आणला, खिळा ठोकला, टांगला. अख्खा. त्याला चावा कोणाचा आणू?

खुदा, तिला आण. दूलतबरोबर आण, त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेली आण, पण आण.

५ नोव्हेंबर

आली! कडा कोसळला तेव्हा दोघं घाटाच्या पलीकडेच, सुसामिरलाच होते. रस्ता मोकळा झाल्यावर दूलतचा ट्रक पुढे, हिचा मागे.

मी दारातच रडलो. तिनं रडू दिलं. मग हातमोजे काढून चुलीजवळ ठेवले.

"कलिपा एजेनं सांगितलं. चष्मेवाला आला होता, हात फार स्वच्छ. सूप टाकून माझा नान घेऊन पळाला. खाल्लास?"

"खाल्ला."

"सगळा?"

"हो."

"मी निघाले त्या दिवशी दारात का थांबले होते, कळलं होतं तुला?"

"कळलं होतं."

"मग?"

"दिला असता तर जा म्हटल्यासारखं झालं असतं."

भिंतीवरच्या अख्ख्या नानाकडे बघत बसली. मी चहा दिला. अर्धा पेला. पुन्हा दिला. पुन्हा.

८ नोव्हेंबर

आज निघाली. मी ताजा नान आणून दोन्ही हातांनी पुढे केला. तिनं घेतला आणि माझ्याच तोंडासमोर धरला. "तू चाव."

"निघालीयस तू!"

"मी दर वेळी परत येतेच आहे, एसेन. गेलायस तू."

चावलो. तिनं तो फडक्यात बांधला. "कलिपा एजेकडे एक खिळा रिकामा झालाय. तिथं टांगते. संपवायचा असेल तर ये." चढली आणि गेली.

दवाखान्याला कुलूप घातलंय. दूलतचा ट्रक अजून गोदामावर भरतोय. त्याच्या शेजारची जागा मागायला निघालो.